रुग्णशय्येवरील मौन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजचा विषय कदाचित थोडा वेगळा वाटेल. परंतु ज्या घरातील एकही व्यक्ती कधी रुग्णालयात दाखल झाली नाही, असे घर आज शोधूनही सापडणार नाही. रुग्ण घरी परतला की डॉक्टरांचे नाव, शस्त्रक्रियेची पद्धत आणि बिलाची रक्कम या तीन गोष्टींची चर्चा नातेवाइकांत आठवडाभर चालते. मात्र चोवीस तासांपैकी डॉक्टर रुग्णापाशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतात. उरलेला सारा काळ रुग्ण परिचारिकेच्या हाती असतो. वेळेवर औषध, स्वच्छ अंथरूण, कुशीवर वळविणे, तोंडाला पाणी लावणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, या कामांची चर्चा कोणी करीत नाही. शस्त्रक्रियेचे यश मात्र याच कामांवर टिकते. ही शुश्रूषा उणी पडली तर रुग्णाने काय करावे? मुकाट्याने सोसावे की बोलावे? एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक घटना. एका तालुक्याच्या गावातील चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे प्रसंग अनेक ठिकाणी घडतात. आजींनी आयुष्यभर कुणाला तांब्याभर पाणीसुद्धा मागितले नव्हते. आता मात्र बेडपॅनसाठीही दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत होते. त्या घंटीचे बटण दाबीत आणि वाट पाहत. कधी पाऊण तासाने कोणी येई, कधी येतच नसे. दुसऱ्या रात्री त्या ओल्या चादरीवर पहाटेपर्यंत पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सलाईन लावलेला हात सुजला. त्यांनी हळूच सांगितले. "बघते हं आजी," असे म्हणून ती मुलगी पुढच्या खाटेकडे गेली, ती परत आलीच नाही. आजी पुन्हा बोलल्या नाहीत. सायंकाळी मुलगा भेटीस आला आणि "सगळं ठीक आहे ना?" असे त्याने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे रे, पोरी फार चांगल्या आहेत."

पाचव्या दिवशी सून मुक्कामास आली. कपडे बदलताना तिला सासूबाईंच्या माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबल्यावर निरोगी कातडी क्षणभर पांढरी पडते, हा डाग मात्र लालच राहिला. शय्याव्रणाची ही पहिली खूण होय. ज्यास स्वतःहून हलता येत नाही अशा रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, हा शुश्रूषेचा जुना आणि साधा नियम आहे. या आजींना चार दिवसांत किती वेळा वळविले गेले, याची कुठेच नोंद नव्हती.

आता प्रश्न असा की, शुद्धीवर असलेल्या, विचारी आणि स्वाभिमानी अशा त्या वृद्धेने चार दिवस तोंड का उघडले नाही? त्याची तीन कारणे दिसतात आणि ती आपल्या प्रत्येक घरात आढळतात.

पहिले कारण भीती. "तक्रार केली तर मुद्दाम दुर्लक्ष करतील, सुई जोरात टोचतील," अशी धास्ती रुग्णाच्या मनात असते. ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस सर्वस्वी परावलंबी असतो. ज्याच्या हातून पाणी प्यावयाचे त्याच्याविरुद्ध बोलण्यास धैर्य लागते.

दुसरे कारण भीड. धावपळ करणाऱ्या त्या तरुण मुलीला आपल्यामुळे वरिष्ठांचा ओरडा बसू नये, असे वडीलधाऱ्यांना वाटते. ही भावना उदात्त आहे. परंतु रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही, हे सांगणारी पिढीही तीच आहे.

तिसरे कारण सहनशीलतेविषयीचा गैरसमज. सोसणे म्हणजे पुण्य आणि तक्रार म्हणजे कषाय, असे अनेक श्रद्धाळू मनांना वाटते. वस्तुतः रुग्णसेवेला, म्हणजे वैयावृत्त्याला, जैन आचारात अंतरंग तपाचे स्थान दिले आहे. सेवा जर इतकी मोलाची असेल, तर तीत पडलेली उणीव सौम्य शब्दांत दाखवून देणे ही निंदा कशी ठरेल? क्षमा अवश्य करावी. पण क्षमा झालेल्या चुकीची असते. जी चूक अजून चालूच आहे ती आधी थांबवावी लागते.

कापडाच्या व्यापारातील मंडळींना एक अनुभव ठाऊक आहे. पहिल्याच धुण्यात रंग गेला म्हणून एखादे गिऱ्हाईक कापड परत घेऊन येते, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. खरे पाहता दुकानाचे हित तेच गिऱ्हाईक करते. त्याच्यामुळे तो तागा बाजूला काढला जातो आणि पुढच्या दहा घरांचे नुकसान टळते. जे गिऱ्हाईक न बोलता निघून जाते ते पुन्हा पायरी चढत नाही, आणि दुकानात तोच तागा फाडून विकला जात राहतो. रुग्णालयातही हाच न्याय लागू पडतो. आजी गप्प राहिल्या, त्याची किंमत त्यांच्या पाठीने मोजलीच, पण त्याच दालनातील इतर रुग्णांनाही ती मोजावी लागली असणार.

मौनाची ही किंमत किती मोठी होऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्ड या शहराने जगासमोर ठेवले. सप्टेंबर २००७ मध्ये ८६ वर्षांच्या बेला बेली तेथील रुग्णालयात दाखल झाल्या आणि नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या ज्युली बेली आणि इतर नातेवाईक आळीपाळीने रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून होते. आजूबाजूच्या खाटांवर त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. वृद्ध रुग्ण मळलेल्या अंथरुणात पडून राहत, ताट हाताला न येईल इतके दूर ठेवले जाई, घंटीला उत्तर मिळत नसे. तहानेने व्याकूळ रुग्ण फुलदाणीतील पाणी प्यायल्याच्या हकिकतीही पुढे आल्या. ज्युली बेली यांनी आपल्या छोट्याशा उपाहारगृहात अशाच इतर कुटुंबांना एकत्र केले आणि दाद मागण्यास आरंभ केला.

त्यांना त्रास झाला नाही असे नाही. रुग्णालयाची बदनामी होते, ते बंद पडेल, या भीतीने गावातील लोकच त्यांच्यावर उलटले. त्यांच्या आईच्या थडग्याची नासधूस झाली. अखेर त्यांना ते गाव सोडावे लागले. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. रॉबर्ट फ्रान्सिस या विधिज्ञांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. २०१० साली पहिला आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सार्वजनिक चौकशीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या. खर्चकपात आणि कागदावरील उद्दिष्टे यांच्या मागे लागून व्यवस्थापनाने सेवकवर्ग अपुरा ठेवला आणि रुग्णांच्या तक्रारींकडे कानाडोळा केला, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २०१४ साली, उपचारात गंभीर चूक झाल्यास ती रुग्णाला प्रांजळपणे सांगण्याचे बंधन तेथील रुग्णालयांवर कायद्याने आले.

या प्रकरणातील आणखी एक व्यक्ती स्मरणात ठेवण्याजोगी आहे. त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागातील परिचारिका हेलेन डॉनेली यांनी आतून आवाज उठविला. सहकाऱ्यांच्या धमक्या त्यांनी सोसल्या. म्हणजे शुश्रूषा ढासळली तेव्हा बाहेर एक मुलगी बोलत होती आणि आत एक परिचारिका. चांगल्या परिचारिकेलाही रुग्णाच्या बोलण्याचा आधार हवा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशातही एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात विषमज्वरासाठी एक लहान मुलगा दाखल होता. डॉक्टरांनी लिहिलेले औषध क्लोरँफेनिकॉल, परिचारिकेने वाचले क्लोरोक्विन. तिने वडिलांना तेच इंजेक्शन आणावयास सांगितले आणि ते शिरेतून दिले. मूल आईच्या मांडीवरच कोसळले. मेंदूला झालेली इजा कायमची ठरली. ती स्त्री परिचारिका म्हणून काम करीत असली तरी कोणत्याही परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी नव्हती, हे पुढे उघड झाले. १९९८ साली न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. यात आईवडिलांचा यत्किंचितही दोष नव्हता. परंतु प्रत्येक घराने यातून एक सवय उचलावी. सुई टोचण्यापूर्वी "सिस्टर, हे कोणते औषध, कशासाठी, आणि कागदावर हेच लिहिले आहे ना?" असे विचारावे. रुग्ण योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, मार्ग योग्य आणि वेळ योग्य, या पाच गोष्टी पाहण्याचे शिक्षण प्रत्येक परिचारिकेला मिळालेलेच असते. त्यामुळे या प्रश्नाचा तिला राग येण्याचे कारण नाही.

अशी उदाहरणे ऐकून परिचारिकांविषयी मनात कटुता धरली तर तो अन्याय होईल. मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. १९७३ साली तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांची शुश्रूषा खंडित झाली नाही. इतकी वर्षे अंथरुणात काढूनही त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, ही बाब २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आली आहे आणि न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला आहे. सार्वजनिक रुग्णालयात, मर्यादित साधनांत हे घडले. म्हणून "एवढ्या गर्दीत कोण कुणाला वळवणार?" हे उत्तर कोणी दिले तर ते शेवटचे उत्तर मानण्याचे कारण नाही.

आता बोलावे कसे, हा व्यवहाराचा भाग. त्यासाठी पुन्हा त्या आजींच्या सुनेकडे वळू. तिने आरडाओरडा केला नाही. पर्समधील लहान वहीत तिने तारीख घातली आणि जमाखर्चाप्रमाणे दोन रकाने आखले. डावीकडे वेळ आणि काय घडले, उजवीकडे कुणाला सांगितले आणि काय झाले. "सकाळी ६.१०, घंटी दाबली. ६.५०, कोणी आले नाही. ७.१५, सिस्टरना सांगितले, चादर बदलली." दुपारपर्यंत पानभर नोंदी झाल्या. मग ती त्या कक्षाच्या प्रमुख परिसेविकेकडे गेली आणि म्हणाली, "ताई, कुणाला दोष द्यायला आले नाही. माझ्या सासूबाईंच्या पाठीला जखम होऊ घातली आहे. ही वही बघा आणि आता आपण काय करायचं ते सांगा." परिसेविका उठून तिच्याबरोबर खाटेपाशी आल्या. वळविण्याचा तक्ता पायथ्याशी लागला, हवेची गादी आली आणि सुजलेल्या हातातील सुई काढून दुसऱ्या हाताला लावली गेली.

या वागण्यात चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, बोलणे त्याच दिवशी व्हावे. डिस्चार्ज घेताना केलेल्या तक्रारीने स्वतःची जखम भरत नाही. दोन, "इथे कुणाचं लक्षच नसतं" असे मोघम बोलू नये. वेळ आणि घटना सांगावी. तीन, पायरीपायरीने जावे. प्रथम ती परिचारिका, मग परिसेविका, त्यानंतर अधिसेविका म्हणजे मेट्रन, उपचार करणारे डॉक्टर आणि शेवटी प्रशासन. लेखी अर्ज दिल्यास त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोचेशिवाय माल सोडू नये हे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. चार, शेवटचे वाक्य प्रश्नाचे असावे. "आता काय करू या?" या शब्दांत समोरच्याला बाजू सावरून घेण्यास जागा राहते.

मात्र काही लक्षणांत या पायऱ्यांची वाट पाहू नये. श्वास लागणे, रुग्ण एकाएकी गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, जखमेतून रक्त येणे, छातीत दुखणे, लघवी अनेक तास न होणे, इंजेक्शननंतर अंगावर पित्त उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ आणि मोठ्याने सांगावे. तेथे भीड कामाची नाही.

आपल्या समाजातील रुग्णांसाठी एक विशेष सूचना. चौविहार करणाऱ्या मधुमेही रुग्णाने ती गोष्ट दाखल होतानाच परिचारिकेला सांगून केस पेपरवर लिहून घ्यावी. सायंकाळचे इन्सुलिन दिले गेले आणि सूर्यास्त झाला म्हणून रुग्णाने भोजन घेतले नाही, तर रक्तातील साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. येथे चूक परिचारिकेची नसते. आपण सांगितले नाही, ही ती चूक असते. नियम लपविण्याचे कारण नाही. डॉक्टरांना कळले तर ते औषधाच्या वेळा त्यानुसार बसवू शकतात.

एवढे करूनही दाद लागली नाही तर कायद्याचे दार उघडे आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आपले म्हणणे ऐकले जाण्याचा आणि दाद मागण्याचा हक्क तीत आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन खासगी रुग्णालयांनी अशी सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, आणि स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार निवारण कक्षाची तरतूद झाली. शुल्क आकारणाऱ्या रुग्णालयांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. म्हणून केस पेपर, बिले आणि ती छोटी वही जपून ठेवावी.

परंतु हक्काची जाणीव आणि हाताची मूठ यांत अंतर राहिले पाहिजे. चार नातेवाइकांनी घोळक्याने जाऊन परिचारिकेच्या अंगावर ओरडणे, टेबल आपटणे, दमदाटी करणे, हे प्रकार सुशिक्षित घरांतूनही घडतात. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि परिचारिकांनाही त्याचे संरक्षण आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी भेदरलेल्या हातांनी शुश्रूषा चांगली होत नाही, एवढे तर कोणासही पटेल.

त्या आजींच्या घटनेचा उत्तरार्ध असा. परिसेविकेने चौकशी केली तेव्हा ती तरुण परिचारिका रडू लागली. रात्रपाळीला छत्तीस रुग्णांमागे दोघीच असत, आणि त्यांतील एकीला बहुतेक रात्री अतिदक्षता विभागात पाठविले जाई. घंटी तिला ऐकू येत होती, पण हातातील रुग्ण सोडता येत नव्हता. तिने हे दोनदा वरिष्ठांना सांगितले होते. तिचे कोणी ऐकले नव्हते. सुनेच्या वहीतील पानाची प्रत जोडून परिसेविकेने व्यवस्थापनाकडे पुन्हा पत्र दिले. आधी टोलवाटोलवी झाली. पंधरा दिवसांनी मात्र रात्रपाळीला तिसरी परिचारिका मिळाली. आजी तोवर घरी गेल्या होत्या. त्यांचा खुबा सहा आठवड्यांत सावरला. पाठीची जखम उशिरा लक्षात आल्यामुळे चिघळली आणि भरून येण्यास तीन महिने लागले. तपासणीसाठी त्या पुन्हा रुग्णालयात गेल्या तेव्हा ती मुलगी धावत भेटीस आली. आजी तिला म्हणाल्या, "पोरी, मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं. तुझंही ओझं हलकं झालं असतं."

आपल्या समाजाने अनेक ठिकाणी दवाखाने चालविले, औषधपेट्या दिल्या, रुग्णांना फळे वाटली. या दानाला तोड नाही. त्यासोबत आणखी एक काम प्रत्येक कुटुंबाला विनाखर्च करता येईल. घरातील वडीलधारी व्यक्ती रुग्णालयात असेल तेव्हा "सगळं ठीक आहे ना?" एवढेच विचारून परतू नये. कारण त्याचे उत्तर नेहमी "छान आहे" असेच येते. त्याऐवजी पाठ बघावी, हात बघावा, पाण्याचा तांब्या हाताशी आहे का ते पाहावे, आणि रात्री घंटी दाबली तेव्हा कोण आले ते विचारावे. उणीव दिसली तर नम्रपणे पण स्पष्ट सांगावी. आणि जेथे शुश्रूषा मनापासून झाली असेल तेथे त्या परिचारिकेच्या नावानिशी दोन ओळी लिहून वरिष्ठांकडे द्याव्यात. तशी पत्रे त्यांना फार क्वचित मिळतात.